मित्रास पत्र: तू तोडू न दिलेल्या झाडाची बरणी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

या पत्राबरोबर मार्मलेडची, म्हणजे संत्र्याच्या सालीच्या मुरंब्याची, एक बरणी येईल. उघडण्याआधी ती खिडकीपाशी ने आणि उजेडात धर. आतले सालीचे बारीक काप तळाशी बसलेले नाहीत आणि वरही जमलेले नाहीत, जिथल्या तिथे थांबलेत. एवढं साधायला मला तीन हंगाम लागले. आणि ज्या झाडाची ही फळं आहेत, ते झाड तू तोडू दिलं नाहीस म्हणून आज उभं आहे. म्हणून पहिली बरणी तुझी.

तुला आठवत असेल, ते संत्र्याचं कलम आपण दोघांनी मिळून लावलं होतं. खड्डा तू खणलास, माती मी लोटली, आणि झाड हलू नये म्हणून बुंध्याशी चांगली वीतभर माती चढवली. तिथेच चुकलं. कलम म्हणजे एकावर एक बसवलेली दोन झाडं असतात. खाली खुंट, आणि त्यावर डोळा (फांदीवरची कळी) भरलेली आपल्याला हवी ती जात. खुंट निवडताना त्याची मुळं बघतात, ओल्या मातीत तग धरतील अशी. वरच्या गोड जातीच्या सालीत तो चिवटपणा नसतो. जोड मातीत पुरला गेला आणि ओल तिथे टेकून राहिली, की फायटॉप्थोरा नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव सालीत शिरतो, साल कुजते आणि बुंध्यातून डिंक वाहायला लागतो. डिंक्या म्हणतात तो हाच. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. पानं मलूल दिसली की मी पाणी घालायचो, पानं आणखी मलूल व्हायची, मी आणखी पाणी घालायचो. तिसऱ्या वर्षी झाड वाळलं. त्या झाडाचं मला फार वाईट वाटलं होतं, तुला माहीत आहे.

मग ती दुपार. मी करवत घेऊन बसलो होतो आणि तू बुंध्याशी वाकून म्हणालास, "अरे, इथे खाली हिरवं आहे." जोडाच्या खालून एक काटेरी फूट निघाली होती, करंगळीएवढी. मी म्हटलं, ही खुंटाची, हिला गोड फळ यायचं नाही. तू म्हणालास, "नाही येऊ दे. जिवंत आहे ना? राहू दे." मी करवत खाली ठेवली ती तुझ्या शब्दाखातर.

त्या फुटीचं पान आता मला डोळे मिटून ओळखता येईल. त्याच्या देठाला पानासारखाच रुंद पंख असतो. एका मोठ्या पानाखाली एक छोटं पान जोडलंय असं वाटतं. तिला फळं धरायला पाच वर्षं लागली. फळ दिसायला संत्र्यासारखंच, पण साल जाड आणि खडबडीत, मधला गाभा पोकळ, बिया खच्चून, आणि चव अशी की एक फोड तोंडात टाकली तर डोळे मिटतात. आंबट आणि त्यामागोमाग कडू. हे आंबट संत्रं. सेव्हिल संत्रं म्हणतात तेही याच जातीचं. कलमासाठी खुंट म्हणून ते फार वापरलं गेलंय, कारण बुंध्याच्या कुजीला ते सहसा बळी पडत नाही. म्हणजे ज्या रोगाने वरचं झाड नेलं, त्याच रोगातून खालचं झाड वाचलं. गोड संत्रं आणि हे आंबट संत्रं दोघांच्याही रक्तात पपनस आणि मँडरिन (सैल सालीचं लहान संत्रं) आहेत. आणि तुझ्या कुंडीतलं पिवळं लेमन? तेही याच्याच घरचं, आंबट संत्रं आणि महाळुंग (जाड सालीचं मोठं लिंबू) यांच्या संकरातून झालेलं. आपल्या दोघांची झाडं अशी नात्यातली निघाली.

आता तुझ्या मागच्या पत्राचं. एवढी फुलं आली आणि सगळी गळाली म्हणून तू खंतावला आहेस. खंत करू नकोस. ही झाडं मनमुराद फुलतात आणि मग स्वतःच हिशेब करतात. संत्र्याच्या शंभर फुलांतून तोडणीपर्यंत एक-दोन फळं टिकली तरी ती चांगली फळधारणा. आधी फुलं गळतात, मग मोहरीएवढी फळं, मग वाटाण्याएवढी. त्याच्याही पुढे, फळ सुपारीएवढं झाल्यावर गळ चालूच राहिली, तर मात्र पाण्याकडे बघ. एक दिवस कुंडी भिजून चिंब आणि पुढचे आठ दिवस कोरडी ठणठणीत, हे या झाडाला सोसत नाही. बोट दोन पेरं मातीत घाल. कोरडं लागलं तरच पाणी दे, आणि दिलंस की तळाच्या भोकातून वाहीपर्यंत दे. बशीत साठलेलं पाणी ओतून टाक. फळ मोठं होत आल्यावर पाण्याची ओढाताण झाली तर आणखी एक प्रकार होतो. कोरडीनंतर भरपूर पाणी मिळालं की आतला गर फुगतो, सालीला तेवढं ताणता येत नाही, आणि फळ तडकतं. माझी दुसऱ्या हंगामातली नऊ फळं अशी गेली.

पानं पिवळी पडताहेत असंही लिहिलं होतंस, पण कुठली ते लिहिलं नाहीस. नीट बघून कळव. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी असतील तर झाडाला नत्र हवंय. जुन्याच पानांच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरून बाकीचं पान पिवळं झालं असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. आणि कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्यागार, असं जाळीसारखं दिसत असेल तर लोह. बहुतेक वेळा लोह मातीत असतंच, फक्त माती चुनखडीची किंवा सतत ओली असल्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून खताची पुडी आणण्याआधी पाणी कमी करून बघ.

आणि जोडाच्या खालून काही फुटलं तर तू मात्र ते लगेच खुडून टाक. माझी गोष्ट वेगळी होती, माझं वरचं झाड गेलेलं होतं. तुझं वरचं झाड जिवंत आहे, त्याच्या तोंडचं पाणी खुंटाची फूट पळवेल. पान एकाच्या जागी तीन दलांचं दिसलं तर शंकाच नको, ती खुंटाचीच.

अळ्यांचं मी काय करतो ते विचारलं होतंस. फवारत काही नाही, कारण मला या फळाची सालच खायची आहे. मार्मलेड हा सगळा सालीचा खेळ. विकतच्या फळावर टिकण्यासाठी मेण चढवलेलं असतं, वर काय काय मारलेलं असतं ते आपल्याला दिसत नाही. घरचं झाड वाढवण्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हेच. रोज सकाळी चहा घेऊन मी झाडाशी जातो आणि कोवळी पानं उलटून बघतो. लिंबाच्या फुलपाखराची अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. पहिल्या वर्षी मी तिला विष्ठाच समजून सोडून देत होतो. मोठी झाली की ती हिरवी होते, आणि बोट लावलंस तर डोक्यामागून शेंदरी रंगाची दुभंगलेली जीभ काढते आणि उग्र वास सोडते. दोन-चार असतील तर मोठं झाड ती सहन करतं. तुझं झाड लहान आहे, चार अळ्या त्याचा शेंडा दोन दिवसांत साफ करतील, तेव्हा हाताने वेच. पानांवर चंदेरी नागमोडी रेघ दिसली तर ती नागअळी. दिसायला वाईट, पण मोठ्या झाडाला तिच्याने फारसं काही होत नाही. त्या पानांची छाटणी करत बसू नकोस, नाहीतर पुन्हा कोवळी फूट येते आणि तिला पुन्हा तेच हवं असतं.

आता तोडणी. याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण माझा पहिला हंगाम इथेच वाया गेला.

आंबा किंवा केळं तोडून ठेवलं तर पिकतं. संत्रं, लिंबू, पपनस यांतलं काहीही तोडल्यावर पिकत नाही. ज्या क्षणी कात्री लागली त्या क्षणी जेवढी गोडी होती तेवढीच, पुढे फक्त पाणी उडतं. आणि रंगावर जाऊ नकोस. नारिंगी रंग रात्रीच्या गारव्याने येतो. रात्री उबदार राहिल्या तर आतून पूर्ण तयार झालेलं फळही बाहेरून हिरवंच राहतं. काही जातींची पिकलेली फळं झाडावर राहिली आणि हवा पुन्हा तापली तर साल परत हिरवट होते. खाऊन बघणं हीच खरी परीक्षा. या फळांचा मोठा गुण म्हणजे ती झाडावर थांबतात. आठवडेच्या आठवडे. झाड हीच त्यांची कोठी.

हे कळल्यावर मी काय केलं? थांबलो. खूप थांबलो. म्हटलं, जितकं पिकेल तितकं चांगलं. साल सैल होऊन फळ हाताला पोकळ लागेपर्यंत थांबलो. मग तोडली, आणि कडूपणा नको म्हणून सालीखालचा पांढरा गर चमच्याने खरवडून फेकला, बियाही फेकल्या. साखर घालून उकळायला ठेवलं. तास झाला, दीड तास झाला, पातेल्यात नुसता पाक. शेवटी तो आटून काळपट झाला आणि थंड झाल्यावर चमचा वाकेल असा घट्ट, चिकट गोळा झाला. जमलं नव्हतं, फक्त साखर जळली होती.

नंतर समजलं की मी नेमका जमवणारा भागच फेकून दिला होता. मुरंबा जमतो तो पेक्टिन नावाच्या फळातल्याच द्रव्याने. पेक्टिन असतं त्या पांढऱ्या गरात, फोडींच्या पापुद्र्यांत आणि बियांभोवतीच्या बुळबुळीत आवरणात. रसात जवळजवळ नाही. आणि फळ जसजसं जास्त पिकत जातं तसतसं पेक्टिन तुटत जातं, आंबटपणाही उतरतो. पेक्टिनला पकड घ्यायला आंबट लागतं आणि साखर लागते, ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास. तिन्ही जुळली तर जमतं, एक कमी पडलं तर कितीही आटव. म्हणून खायचं संत्रं तोडायची वेळ वेगळी आणि मुरंब्याचं वेगळी. मुरंब्यासाठी रंग भरलेला, पण साल अजून गच्च आणि फळ हाताला जड, अशा वेळी कात्री लावायची. मी आता दहातली एक-दोन फळं हिरवट झाक असतानाच मुद्दाम घेतो.

दव वाळल्याशिवाय तोडू नकोस. सकाळच्या ओल्या वेळी साल तट्ट फुगलेली असते. जरा जोरात धरलं की तेलाच्या पिशव्या फुटतात आणि ते तेल सालीला भाजतं, दोन दिवसांनी तिथे तपकिरी डाग. आणि ओढून तोडू नकोस. ओढलं की देठाशी सालीचा तुकडा निघतो आणि तिथून बुरशी शिरते. कात्रीने देठाची हिरवी टोपी फळावर ठेवून काप. फळं चिरून, पिळून झाली की उन्हात जाण्याआधी हात साबणाने धू. लिंबाच्या रसात आणि सालीत असे घटक असतात की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन्महिने राहतो. माझ्या मनगटावरचा डाग तू बघितला होतास, तो स्वयंपाकघरातला चटका नव्हे.

या वर्षीची कृती जशी केली तशी लिहितो. १ किलो फळं, अडीच लिटर पाणी, २ किलो साखर. फळं अर्धी चिरून रस काढला. बिया, पापुद्रे आणि चमच्याने निघाला तेवढा सैल पांढरा गर मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी केली. साल पांढऱ्या गरासकट बारीक चिरली. इथे घाई करायची नाही. सुरी धारदार घ्यायची आणि सालीची आतली बाजू वर ठेवायची, म्हणजे सुरी घसरत नाही. १ किलो फळांची साल चिरायला मला सव्वा तास लागला, आणि त्या सव्वा तासात सगळं घर त्या वासाने भरून गेलं. साल, रस, पाणी आणि पुरचुंडी, सगळं स्टीलच्या पातेल्यात रात्रभर भिजत ठेवलं. ॲल्युमिनियम नको, हे आंबट ते खातं. सकाळी हात घातला तर पाणी बोटांना किंचित बुळबुळीत लागत होतं. ते जाणवलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तेच पेक्टिन.

मग मंद आचेवर दोन तास, साखरेशिवाय. हे 'साखरेशिवाय' नीट लक्षात ठेव. दुसऱ्या हंगामात मी साल अर्धवट शिजलेली असताना साखर घातली होती. साखर पडली की साल पुढे शिजत नाही, उलट आवळते. ते काप चामड्यासारखे झाले होते. आता मी एक काप काढून दोन बोटांत दाबतो. तो लोण्यासारखा दबला तरच साखर. पुरचुंडी गार करून पातेल्यावर पिळायची, अगदी घट्ट. शेवटी शेवटी जे दाटसर, दुधाळ बाहेर येतं ते सोन्याचं, चमच्याने निपटून परत घालायचं.

साखर मंद आचेवर पूर्ण विरघळवायची, तळाशी एक कणही खरखरता कामा नये, नाहीतर पुढे बरणीत साखरेचे खडे धरतात. मग आच मोठी. पातेलं अर्धंच भरलेलं असू दे, कारण फेस चढतो. जमायचं तापमान साधारण १०४ ते १०५ अंश सेल्सिअस सांगतात, पण ते समुद्रसपाटीचं. उंचावर पाणीच कमी तापमानाला उकळतं. म्हणून तुझ्याकडे साधं पाणी जिथे उकळेल त्याच्यावर साडेचार अंश धर. मी तापमापकाबरोबर वजनही बघतो. पातेल्याचं वजन आधी करून ठेवतो. २ किलो साखरेचं मार्मलेड सव्वातीन किलोच्या आसपास आलं की ते तयार. त्याहून जास्त भरलं तर अजून पाणी आहे, बरंच कमी भरलं तर मी घालवलं.

आणि शेवटी बशी. फ्रीजमध्ये गार केलेल्या बशीवर अर्धा चमचा टाकायचा, मिनिटभर थांबायचं आणि बोटाने हळूच सरकवायचं. पहिल्या दोन वेळा ते पाण्यासारखं बाजूला झालं. तिसऱ्या वेळी त्याच्यावर बारीक सुरकुती पडली, दुधावरच्या सायीला पडते तशी, आणि बोट काढल्यावर मधली वाट मिटली नाही. मी गॅस बंद केला आणि तसाच उभा राहिलो, बशी हातात धरून.

लगेच बरण्या भरल्या असत्या तर काप वर तरंगले असते, मागच्या वर्षी तसंच झालं होतं. या वेळी १५ मिनिटं पातेल्यातच ठेवलं, एकदा हलक्या हाताने ढवळलं, आणि मग तापवून कोरड्या केलेल्या बरण्यांत गरम असतानाच काठोकाठ भरून झाकणं लावली. म्हणून तुझ्या बरणीतले काप जागच्या जागी आहेत.

कडवट लागेल. पहिला चमचा कदाचित आवडणारही नाही. दुसरा घे. तो कडूपणा पांढऱ्या गरातून येतो आणि तो मी आता मुद्दाम ठेवतो. तो काढला तर उरते नुसती गोड जेली, ती कुठल्याही फळाची होऊ शकते.

तुझ्या लेमनला पहिल्या वर्षी चार-पाचच फळं धरतील. तेवढ्याचा मुरंबा करायला बसू नकोस. देठाकडचा भाग जोडलेला ठेवून प्रत्येकाच्या चार उभ्या चिरा कर, आत मीठ भर, बरणीत दाबून बसव आणि वरून लिंबाचाच रस इतका घाल की फळं पूर्ण बुडतील. वर आलेला तुकडा बुरशी धरतो, म्हणून रोज दाब. तीन-चार आठवड्यांत साल मऊ होते. अशा लिंबाची साल हीच खायची चीज, आतला गर नव्हे.

माझ्या झाडाला आता नव्या कळ्या आल्यात, आणि जुनी १४ फळं वरच्या फांदीवर अजून आहेत. एकाच फांदीवर कळी आणि पिकलेलं फळ शेजारी शेजारी. ती १४ मी हात न लावता ठेवलीत, तुझ्या हाताने तोडायला. फार लांबवू नकोस, साल अजून गच्च आहे, पण पंधरा दिवसांनी असेलच असं नाही. काटे लांब आहेत, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून ये. येताना ही बरणी रिकामी करून घेऊन ये. झाकण नवं घालू.

तुझाच मित्र